पीक उपटणे आणि पीक रुजवणे : खानदेशातील तगाईचा धडा

खानदेशचा इतिहास म्हटला की फारुकी सुलतान आठवतात, अशीरगडचा वेढा आठवतो. तगाईसारखा रूक्ष विषय कोणाला आठवणार? तरी आज तोच सांगावासा वाटतो, आणि त्याला कारणही तसेच आहे.

धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या कुशीतल्या पाड्यांवर, कापूस, तूर आणि मका यांच्या आड लावलेली गांजाची झाडे पोलिसांनी गेल्या काही वर्षांत अनेकदा उपटून नष्ट केली. बातमी येते, झाडांचा ढीग पेटतो आणि पुढच्या हंगामात दुसऱ्या एखाद्या पाड्याचे नाव वर्तमानपत्रात येते. गांजा वाईट, याबद्दल वाद नाही. प्रश्न एवढाच, की उपटलेल्या जागी काय उगवायचे?

हा प्रश्न खानदेशाला नवा नाही. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजेने हा मुलूख लुटला, पाठोपाठ १८०३-०४ चा भीषण दुष्काळ आला. गावे ओस पडली आणि अनेक भिल्ल कुटुंबे डोंगरात राहून लुटीवर पोट भरू लागली. १८१८ मध्ये इंग्रजी अंमल आला. पहिली सात वर्षे पलटणी पाठवण्यात गेली. पलटण डोंगरात चढे, धरपकड होई, पण पलटण परतली की पुन्हा तेच! अखेर १८२५ मध्ये, मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत, धोरण बदलले. एकीकडे धरणगावला आउट्रम या तरुण अधिकाऱ्याच्या हाताखाली भिल्लांचीच पलटण उभी राहिली. दुसरीकडे भिल्ल एजंट नेमले गेले. त्यांचे काम काय? वसाहती वसवणे आणि जो नांगर धरील त्याला बैल, बियाणे व अवजारे यांसाठी तगाई देणे. बंदुकीला जे सात वर्षांत साधले नाही, ते या दुहेरी धोरणाने पुष्कळसे साधले.

तगाई ही काही साहेबाची कल्पना नव्हे. मराठेशाहीतही पडीक जमीन लावणाऱ्या कुळाला तगाई मिळे आणि इस्ताव्याचा कौल मिळे, म्हणजे पहिली वर्षे सारा थोडा, पुढे चढत्या प्रमाणात. त्यामागचे व्यवहारज्ञान साधे होते. नवे पीक हाती येईपर्यंत शेतकऱ्याने खायचे काय, याची तजवीज आधी करा!

पण हे चित्र गुलाबी करून दाखवणे बरे नव्हे. कंपनी सरकारला हवी होती शांतता आणि साऱ्याची वसुली. तगाई हे कर्ज होते. हप्ता थकला की शेतकरी सावकाराच्या दारात उभा राही, आणि मग जमीन जाई. पुढे १८७८ चा जंगल कायदा आला आणि ज्या रानावर आदिवासींचे पोट होते, त्यावर सरकारी पहारा बसला. एका हाताने बैल दिला आणि दुसऱ्या हाताने रान घेतले, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. म्हणजे धडे दोन झाले. मदत केल्यावाचून माणूस वाट बदलत नाही, हा पहिला. आणि पायाखालची जमीन पक्की नसेल तर ती मदत टिकत नाही, हा दुसरा.

आता पीकबदलाकडे पाहा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, कापसाचा भाव कडाडला, त्याच दशकात रेल्वे आली आणि खानदेशात कापूस फोफावला. शेतकऱ्याला कोणी हुकूम सोडला नव्हता. भाव होता आणि माल नेणारी गाडी होती. केळीचेही तेच. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात केळी बहरली ती पाणी, ठिबक, ऊतिसंवर्धित रोपे आणि दिल्लीपर्यंत माल पोचवणारी वाहतूक यांच्या जोरावर. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळाले. डोंगरातल्या पाड्यावर यांतले किती पोचले आहे? तिथे विहीर नाही, रस्ता धड नाही. गांजाचा दलाल मात्र आपल्या पायांनी बांधावर येतो. मोह तिथे आहे, हे ओळखले पाहिजे.

परदेशातही हाच अनुभव आला. थायलंडने १९५९ मध्ये अफूवर बंदी घातली, पण डोंगरातली खसखशीची शेते काही लगेच हटली नाहीत. १९६९ मध्ये राजा भूमिबोल यांनी राजप्रकल्प सुरू केला. फळझाडे, कॉफी, भाजीपाला, त्यांबरोबर रस्ते आणि खरेदीची हमी. या कामाला दशके लागली, पण अफू हटली. उलट अफगाणिस्तानात २०२२ च्या बंदीनंतर एका वर्षात अफूखालचे क्षेत्र सुमारे ९५ टक्क्यांनी घटले, शेतकऱ्यांचे उत्पन्न बुडाले, आणि २०२४ मध्ये लागवड पुन्हा थोडी वाढली.

आपल्याकडे काय आहे? १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजाच्या लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. १९८९ च्या दुरुस्तीने एक राष्ट्रीय निधी निर्माण झाला. तो तस्करीला आळा, व्यसनमुक्ती आणि प्रबोधन यांसाठी आहे. शेतकऱ्याच्या पर्यायी पिकाचे नाव त्या यादीत नाही. २०१२ च्या राष्ट्रीय धोरणात मात्र, जिथे अशी लागवड रुळली आहे तिथे उपजीविकेचे दुसरे साधन उभे करावे, असे स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा विचार कागदावर आला आहे. त्याला पैशाची जोड हवी.

अनुदाने नाहीत असेही नव्हे. विहिरीला अनुदान आहे, ठिबकला आहे. पण ती मागायला जमिनीचा कागद लागतो. २००६ च्या वनहक्क कायद्याखालचा दावा ज्याचा अजून लटकला आहे, त्याने कोणता उतारा जोडायचा? शिक्षेसाठी माणूस चटकन सापडतो आणि मदतीसाठी तोच माणूस दप्तरात सापडत नाही, ही खरी अडचण आहे.

आणि हे अशक्य आहे असेही कोणी म्हणू नये. याच शिरपूर तालुक्यात २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद व खोल करून, सिमेंटचे बंधारे घालून पाणी जिरवले गेले. ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणून ते काम प्रसिद्धच आहे. साक्री तालुक्यातील बारीपाड्याने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने उजाड रान पुन्हा उभे केले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तीही आदिवासी माणसेच, आणि डोंगरही याच जिल्ह्यातला.

तेव्हा झाडे उपटणाऱ्या पथकापाठोपाठ पाड्यावर आणखी तीन जण जावेत : वनहक्काचा कागद घेऊन तलाठी, पाण्याचा आराखडा घेऊन कृषी अधिकारी, आणि माल उचलण्याची हमी घेऊन एखादी सहकारी संस्था. पहिल्या दोन-तीन हंगामांची तूट अनुदानाने भरून द्यावी, कर्जाने नव्हे. तगाईचा हप्ता थकला की काय होते, ते खानदेशाने एकदा पुरते पाहिले आहे.