बाळंतपणाचे महिने आणि पेन्शनचा हिशेब

पिंपरी-चिंचवडचा इतिहास आपण कारखान्यांच्या नावांनी सांगतो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, आणि पुढे भोसरीपासून चाकणपर्यंत माळरानं शेडनी भरून गेली. या शेडमध्ये गाड्यांच्या वायरी जोडणाऱ्या, सुटे भाग तपासणाऱ्या बायका आज पाळ्यांत काम करतात. त्यांच्या एका हक्काचा इतिहास मात्र फारसा कुणी सांगत नाही.

त्याची सुरुवात आपल्याच प्रांतात झाली. जुलै १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूती लाभ विधेयकाची बाजू मांडली. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून तो भार बराचसा सरकारनं उचलावा; पण बाईच्या श्रमावर नफा मिळवणाऱ्या मालकालाही हात झटकता येणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२९ साली कायदा झाला. देशातला असा तो पहिला कायदा.

स्वातंत्र्यानंतर वाटा फुटल्या. १९४८ चा राज्य विमा कायदा, म्हणजे आपला ईएसआय, आजारपण-बाळंतपण पाहू लागला. १९५२ चा भविष्य निर्वाह निधी कायदा म्हातारपण पाहू लागला. १९६१ साली प्रसूती लाभाचा देशव्यापी कायदा आला, १९९५ साली निधीला पेन्शन जोडली गेली. २०१७ मध्ये रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस झाली. प्रत्येक पाऊल चांगलंच होतं. पण बाळंतपणाची वही आणि म्हातारपणाची वही वेगवेगळ्या कपाटांत राहिली.

याचा परिणाम असा. जिचा पगार ईएसआयच्या मर्यादेपेक्षा जास्त, तिला रजेतला पगार कंपनी देते. निधी कायद्यानं रजेतला पगारही वेतनच मानला, म्हणून तिचा फंड कापला जातो. मर्यादेच्या आतल्या बाईला मात्र पैसे महामंडळ देतं, पूर्ण सरासरी वेतनाइतके. कंपनी वेतन देत नाही, म्हणून फंडही नाही. अशा दोन रजा म्हणजे बावन्न आठवडे, जवळजवळ वर्ष. पेन्शनचं सूत्र सरळ आहे: सरासरी वेतन गुणिले सेवेची वर्षं, भागिले सत्तर. वेतन पंधरा हजार धरलं, तर पंधरा वर्षांचे ३,२१४ रुपये होतात, चौदा वर्षांचे ३,०००. फरक दरमहा २१४ रुपयांचा, आणि तो मरेपर्यंत. कमी पगाराच्या बाईचंच वर्ष गळतं, हे विशेष.

निधीच्या कागदावर या महिन्यांना नाव आहे, ‘नॉन-कॉन्ट्रिब्युटरी पीरियड’. मराठीत म्हणायचं तर, योगदान नसलेला काळ. कवितेत शब्द तोलायची सवय असल्यानं मला हे नाव फार बोचतं. जिनं त्या महिन्यांत एक माणूस जगात आणला, तिनं काहीच योगदान दिलं नाही?

चाकणला २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. ज्या देशातून ही कंपनी आली, त्या जर्मनीत १९९२ पासून जन्मलेल्या प्रत्येक मुलामागे तीन वर्षं पालकाच्या, बहुधा आईच्या, पेन्शनखात्यावर जमा धरली जातात. तो भार सरकार उचलतं. बाबासाहेब १९२८ मध्ये याहून निराळं काय सांगत होते?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून आपल्याकडे हे सारे कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत एकत्र आले. कपाट एक झालं, पण आतले कप्पे अजून वेगळेच आहेत. तोवर आपल्या घरातल्या, शेजारच्या कामगार बाईला एवढं सांगू या: रजेवरून परतल्यावर फंडाचं पासबुक उघडून बघ. कंपनीनं रजेत पगार दिला असेल तर त्या महिन्यांचा फंड भरलाय का ते विचार. आणि नोकरी बदललीस तरी जुनी खाती एकाच यूएएन क्रमांकाला जोडून घे. म्हातारपणी एकेका वर्षाला किंमत असते.