कोलारची खाण आणि मोजणींतील अनिश्चितता

परभणी जिल्ह्यांतील पेडगांवच्या शिवारांत जोंधळ्याची उपणणी ज्यानें पाहिली आहे, त्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाहीं. वारा भूस नेतो, पण त्याबरोबर कांहीं हलके दाणेही नेतो. आणि राशींत थोडे खडे राहतातच. अतिसूक्ष्म कणांची मोजणी ही अशीच उपणणी आहे. तिचें माप सांगतांना त्यांतील अनिश्चितता कां सांगावी, हें आपल्याच देशांतील एका इतिहासावरून दाखवावें, असें आम्ही योजिलें आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें ओसाका व डरहॅम येथील विद्यापीठांच्या सहकार्यानें कोलारच्या सोन्याच्या खाणींत, सुमारें २·३ किलोमीटर खोलीवर, यंत्रें मांडलीं. वातावरणांत उत्पन्न होणाऱ्या न्यूट्रिनो कणांची चाहूल घ्यावयाची होती. वरून येणारे थोडे म्युऑन कण इतक्या खडकांतूनही झिरपतात. परंतु तिरप्या दिशेनें येणाऱ्यास खडक कितीतरी अधिक भेदावा लागतो. म्हणून फार तिरपे आलेले म्युऑन तेवढे निवडावे, ते जवळच्या खडकांत न्यूट्रिनोनेंच निर्माण केलेले असले पाहिजेत, असा दंडक ठरला. १९६५ सालीं असे मोजकेच कण सांपडले. पण भेसळ जवळजवळ नसल्यामुळें ते पुरले. दक्षिण आफ्रिकेंतील खाणींत राईन्स यांच्या मंडळींनींही त्याच वर्षीं तेंच पाहिलें.

येथें वाचक विचारतील कीं, निवडीचा नियम पक्का, तर उरलेली संख्याही पक्की कां नव्हे? उत्तर असें कीं, या घटना यदृच्छेनें घडतात. तोच प्रयोग पुन्हा केल्यास संख्या बदलते. फ्रेंच गणिती प्वासाँ यांच्या नियमाप्रमाणें हा चढउतार सुमारें त्या संख्येच्या वर्गमूळाएवढा असतो. १०,००० घटनांत तो १०० चा, म्हणजे शेंकडा १. निवडीअंतीं ९ च उरल्या तर ३ चा, म्हणजे तिसरा हिस्सा. मूळ राशीची खात्री उरलेल्या मुठीस लाभत नाहीं.

प्रोटॉन अविनाशी नाहीं, असें १९७४ सालच्या एका सिद्धांताचें भाकीत होतें. तें पडताळण्यासाठीं १९८० सालीं त्याच खाणींत १४० टनांचें लोखंडी यंत्र उभें राहिलें. ज्यांच्या सर्व रेषा यंत्राच्या आंतच संपतात, अशा घटना निवडण्यांत आल्या. अशा ३ घटना प्रोटॉनाच्या क्षयाच्या 'संभाव्य' खुणा म्हणून पुढें आल्या. ३ चें वर्गमूळ सुमारें १·७! शिवाय पूर्वीचें धान्य तेंच आतां मातेरें झालें होतें. कारण न्यूट्रिनोही यंत्रांत आदळून तशाच खुणा उमटवूं शकतो. ही भेसळ किती, याचा अंदाजही अनिश्चितच. पुढें अमेरिकेंत व जपानांत अधिक मोठीं यंत्रें झालीं. १९९६ पासून चालत आलेल्या ५०,००० टन पाण्याच्या सुपर-कामिओकांडे यंत्रासही प्रोटॉनाचा क्षय अद्याप आढळलेला नाहीं.

कोलारची खाण २००१ सालीं बंद झाली. तेथील दोन्ही प्रयोगांत परिश्रम सारखेच, मोजणीही अल्पच. फरक पडला तो भेसळीचा. कोलारच्या मंडळींनीं 'संभाव्य' हा शब्द वापरला, यांतच त्यांच्या विद्येचा मान आहे. रास पाहून चाळणी बदलणारा स्वतःसच फसवितो. आमच्या तरुण अभ्यासकांनीं माप सांगावें, पण चाळणीनें काय गाळलें व काय राहूं दिलें, हेंही त्याच दमांत सांगावें.