जलजन्य साथींचे नकाशांकन

रुग्णांची ठिकाणे आणि पाण्याचे स्रोत एकाच नकाशावर मांडून दूषित पाण्याचा माग काढण्याची साथरोगशास्त्रीय पद्धत. पटकी, विषमज्वर, कावीळ व गॅस्ट्रो यांच्या तपासात ती वापरतात.

पूर्वपीठिका : १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली. डॉ. जॉन स्नो यांनी मृतांच्या घरांची चौकशी करून संशय ब्रॉड स्ट्रीटवरील पंपावर आणला व ८ सप्टेंबरला त्याचा दांडा काढला गेला. त्यांचा प्रसिद्ध नकाशा नंतर छापला गेला. पंपालगतच्या मद्यनिर्मितीगृहातील कामगार मात्र बचावले होते. ते त्या पंपाचे पाणी पीत नव्हते. अशा अपवादांनी निष्कर्षाला बळकटी आली.

कार्यपद्धती : रुग्णाचा पत्ता, लक्षणे दिसल्याची तारीख व पिण्याच्या पाण्याचा स्रोत यांची नोंद जीआयएस (भौगोलिक माहिती) प्रणालीत करतात. त्यावर जलवाहिन्या, टाक्या, विहिरी, मलवाहिन्या व नाले यांचे थर चढवतात. रुग्णसंख्या लोकसंख्येच्या प्रमाणात पाहावी लागते. नाहीतर दाट वस्ती विनाकारण संशयास्पद ठरते.

पुणे, २०२५ : जानेवारीत सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन-बॅरे सिंड्रोम (जीबीएस) या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण वाढले. संशयित रुग्णसंख्या पुढे दोनशेवर गेली. सुमारे ८० टक्के रुग्ण नांदेड गावातील मोठ्या विहिरीच्या परिसरातील असल्याचे आढळले. काही रुग्णांच्या शौचनमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू व नोरोव्हायरस सापडला. जीबीएस बहुधा संसर्गानंतर एक ते तीन आठवड्यांनी दिसतो. त्यामुळे रुग्ण आधीच्या काळात कोठे पाणी प्याला, हेही नकाशासाठी विचारावे लागते. नकाशा संशयित स्रोत दाखवतो. रोगजंतूचा पुरावा प्रयोगशाळेतूनच मिळतो.

ग्रामीण उपयोग : महाराष्ट्रात स्रोतांच्या स्वच्छता सर्वेक्षणावरून ग्रामपंचायतींना लाल, पिवळे वा हिरवे कार्ड देतात. पाण्यातील जीवाणूंवर टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचा उतारा चालतो. यवतमाळ जिल्ह्यातील झरी जामणी, केळापूर भागांतील भूजलात आढळणाऱ्या फ्लोराइडवर मात्र तो चालत नाही आणि पाणी उकळूनही फ्लोराइड जात नाही. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅम ही त्याची स्वीकार्य मर्यादा असून पर्यायी स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत सवलत आहे. जादा फ्लोराइडमुळे होणारा फ्लोरोसिस हा विकार वर्षानुवर्षांच्या सेवनाने होतो, म्हणून तेथे साथीची वाट न पाहता प्रत्येक विंधन विहिरीची खोली व फ्लोराइडचे प्रमाण नकाशावर नोंदवणे उपयुक्त ठरते.