'मेदेरी', 'चिकित्सा' आणि 'गुण येणे'

लॅटिनमध्ये बरे करण्याच्या अर्थाची तीन क्रियापदे प्रामुख्याने आढळतात : 'सानारे', 'कूरारे' आणि 'मेदेरी'. पहिल्याचे नाते निरोगीपणाशी आहे, दुसऱ्याचे काळजीशी. तिसऱ्याचे कूळ वेगळे. एमिल बेनव्हेनिस्त यांनी भारोपीय संस्थांच्या शब्दसंग्रहावरील आपल्या ग्रंथात (१९६९) असे दाखविले, की 'मेद्' या धातूचा मूळ आशय वैद्यकापुरता नाही. बिघडलेल्या स्थितीवर योग्य उपाय योजून तिला व्यवस्थेत आणणे, हा तो आशय होय. 'मोदुस' (माप) आणि 'मेदितारी' (चिंतन करणे) ही त्याचीच भावंडे. त्यामुळे सिसेरोला राज्यसंस्थेच्या दुखण्यासंबंधीही हेच क्रियापद वापरता आले.

त्याचे व्याकरणही लक्षणीय आहे. 'सानारे' व 'कूरारे' यांचे कर्म द्वितीयेत येते; 'मेदेरी' चतुर्थीची अपेक्षा करते. शिवाय त्याचे रूप कर्मणी, पण अर्थ कर्तरी. एवढ्यावरून रोमन मानसाविषयी निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. तथापि येथे रोगी हा केवळ हाताळण्याचा विषय न राहता ज्याच्याप्रत उपाय जातो तो ठरतो, एवढे म्हणता येईल.

आपल्याकडे 'चिकित्सा' या शब्दाचा प्रवास याला समांतर आहे. पाणिनी (३.१.५) 'कित्' धातूला 'सन्' प्रत्यय सांगतो आणि व्याकरणपरंपरा तेथे व्याधिप्रतीकार हा अर्थ नेमून देते. 'वि' उपसर्ग लागताच मात्र 'विचिकित्सा' म्हणजे संशय होतो; कठोपनिषदात मृत्यूनंतरच्या अस्तित्वाविषयीची नचिकेताची शंका याच शब्दाने मांडली आहे. मराठीत हे दोन्ही प्रवाह एकत्र आले. वैद्य चिकित्सा करतो, आणि धर्माची वा ग्रंथाचीही चिकित्सा होते. परंतु व्यवहारात 'फार चिकित्सक' हा बहुधा खोड काढणारा असतो. शब्दातला संशय उरला, प्रतीकार झिजला.

परभणी जिल्ह्याच्या बोलीत या झिजेला उत्तर सापडते. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता व राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. मूळचा अरबी 'इलाज' येथे उपचार या अर्थाने सहज वावरतो. 'नाइलाज' तर सर्वच मराठीत निरुपायाचा वाचक आहे. म्हणजे 'मेदेरी'प्रमाणेच येथेही औषधाचा शब्द उपायाचा झाला. पण वैद्याकडून, हकिमाकडून किंवा शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्यावरून परतलेला माणूस 'मला गुण आला' असेच म्हणतो. या वाक्यात कर्ता आहे 'गुण'. 'मला' हे रूप अनुभवणाऱ्याचे. बरे करणारा वाक्यात नाहीच. फार तर त्याचा 'हातगुण' मान्य केला जातो, मालकी नाही.

समीक्षेच्या दृष्टीने हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. संहितेला कर्म मानून तिचे विच्छेदन करणारी चिकित्सा आणि संहितेप्रत जाऊन योग्य माप शोधणारी चिकित्सा या एक नव्हेत. दुसरीतही संशय अनिवार्य आहे, कारण निदानावाचून उपाय नाही. पण तिची कसोटी समीक्षकाच्या चातुर्यात नसते. तिच्यामुळे वाचनाला गुण आला काय, हाच प्रश्न उरतो; आणि त्याचे उत्तर देण्याचा अधिकार चिकित्सा करणाऱ्याकडे नसतो.