पायरीवरचं नाव

पाचाडला जिजाऊंच्या समाधीचं दर्शन घेऊन चित दरवाज्याने रायगड चढलात, तर जगदीश्वराच्या देवळापाशी एका पायरीवर हिरोजी इंदुलकरांचं नाव कोरलेलं दिसेल. गड बांधणारा माणूस! पण टाक्यांतला गाळ कुणी काढला, पाचाडहून वर ओझी कुणी वाहिली? त्यांची नावं कुठेच नाहीत. 1818 साली गड इंग्रजांकडे गेला, राखणारे हात उठले, आणि पुढे एवढ्या पक्क्या बांधकामाचं काय झालं ते आपण बघतोच.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्या धंद्यातही हेच. त्यातून संशोधनासाठी लिहिलेल्या सॉफ्टवेअरची गत तर विचारूच नका. पीएचडीचा विद्यार्थी प्रोग्राम लिहितो, पेपर छापून येतो, पदवी मिळते, स्वारी दुसऱ्या गावी. चार वर्षांनी कंपायलर बदलतो आणि तोच निकाल पुन्हा काढून दाखवणं कुणालाच जमत नाही.

उलटं उदाहरण आपल्या नारायणगावजवळचं. खोडदची जीएमआरटी म्हणजे गोविंद स्वरूपांनी उभारलेली, 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची रेडिओ दुर्बीण. तिने 2010 ते 2012 या काळात 150 मेगाहर्ट्‌झवर आकाशाची पाहणी केली. तोच डेटा ह्युब इंटेमा आणि सहकाऱ्यांनी नव्याने चाळून 2017 साली सुमारे 6.2 लाख रेडिओ स्रोतांची यादी प्रसिद्ध केली. दुर्बीण तीच, निरीक्षणं तीच, फरक सॉफ्टवेअरचा. गंमत म्हणजे इंटेमांच्या पायथनमधल्या 'स्पॅम'च्या पोटात राबत होतं अमेरिकेतलं एआयपीएस. 1978 साली सुरू झालेलं, फोरट्रानमधलं! ते टिकलं, कारण एनआरएओ या संस्थेने ते दुरुस्त करणाऱ्यांना पगार दिला.

पण पगारी माणूसही एक दिवस निवृत्त होतो. त्याच्या डोक्यातलं दुसऱ्याच्या डोक्यात उतरतं ते परिषदांत. भाषणांत कमी, चहाच्या वेळी जास्त. 2020 साली कोविडने परिषदा ऑनलाइन नेल्या आणि तो चहाच गेला. तेव्हा ऑनलाइन परिषद भरवणाऱ्यांनो, आठ तास स्लाइड्स दाखवू नका. भाषणं आधीच रेकॉर्ड करून पाठवा, थेट वेळ प्रश्नांना ठेवा, ते निवडायला वेगळा माणूस बसवा, आणि छोट्या गटांत कोड उघडून बसा. मग महाडच्या कॉलेजातली मुलगीही प्रवासखर्चाशिवाय त्यात येईल, आणि उद्या कदाचित तीच तो कोड सांभाळेल.

असो. पेपरात सॉफ्टवेअरचा उल्लेख करताना मूळ लेखकाबरोबर आज ते राखणाऱ्यांचीही नावं द्या, एवढंच सांगायचं होतं.