टाचदुखी : एक्स-रेत ‘हाड वाढलंय’ दिसलं म्हणजे कारण सापडलं असं नाही

सकाळी उठून पहिलं पाऊल टेकवलं की टाचेत खिळा टोचल्यागत कळ येते, चार पावलं चाललं की जरा कमी होते. हे दुखणं बहुतेक वेळा टाचेपासून बोटांकडे तळपायाखालून जाणाऱ्या जाड पट्ट्याचं असतं. डॉक्टर त्याला प्लांटार फॅशिआयटिस म्हणतात. ते ओळखायला सहसा फोटो लागत नाही. विचारपूस करून, टाचेखाली आतल्या बाजूला अंगठ्याने दाबून डॉक्टरांना समजतं.

तरी अनेकजण आधी एक्स-रे काढून येतात. त्यात टाचेच्या हाडाला चोच दिसते आणि ‘हाड वाढलंय, आता ऑपरेशन’ अशी धास्ती बसते. अशी चोच टाच कधीच न दुखलेल्या माणसांतही सापडते. पोटरीला ताण देण्याचे व्यायाम, मऊ तळाची चप्पल आणि फरशीवर अनवाणी न फिरणं, एवढ्यावर बहुतेकांचं दुखणं काही महिन्यांत उतरतं.

झाडावरून, माळवदावरून पडून टाच आपटली तर मात्र त्याच दिवशी एक्स-रे हवा. हाड फुटलं असल्यास तुकडे कसे सरकले ते सीटी स्कॅनमध्ये कळतं. अशा पडण्यात मणक्यालाही मार बसू शकतो, त्यामुळे कंबर दुखत असेल तर तेही सांगावं.

पोलीस भरतीसाठी रोज धावणाऱ्या पोरांची गोष्ट वेगळी. टाचेच्या हाडाला बारीक तडा गेला तर सुरुवातीचे 2-3 आठवडे एक्स-रे साफ येऊ शकतो. टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर दुखत असेल तर धावणं थांबवून डॉक्टरांना दाखवावं. एमआरआयमध्ये असा तडा लवकर दिसतो.

सोनोग्राफी फक्त पोटाची नसते. पट्टा सुजून 4 मिलिमीटरपेक्षा जाड झालाय का, हे तिच्यात मोजता येतं. शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट म्हणजे टाचेत मोडून राहिलेला बाभळीचा काटा. एक्स-रेत खिळा, तार दिसते, पण लाकडी काटा बहुधा दिसत नाही. तो सोनोग्राफीत सापडतो.

शुगर असलेल्यांनी टाचेची जखम अंगावर काढू नये. जंतू हाडापर्यंत गेले तरी पहिल्या एक्स-रेत ते दिसेलच असं नाही, तेव्हा एमआरआय लागतो. त्याआधी अंगात पेसमेकर किंवा धातूची पट्टी असेल तर सांगावं. ताप, वाढती सूज किंवा रात्री झोपेतही ठणका असेल तरी लगेच दवाखाना गाठावा.