नमुना बँकनोटा, आयरिश

आयर्लंडमधील नोटा काढणाऱ्या बँकांसाठी मुद्रणसंस्थांनी तयार केलेल्या, परंतु चलनात न आणलेल्या नमुना प्रती व त्यांचा संग्रह. नव्या नोटेस बँकेच्या संचालकांची संमती घेणे आणि शाखांना व इतर बँकांना खऱ्या नोटेची ओळख पटविणे, यांसाठी अशा प्रती छापीत. नमुना प्रतीवर बहुधा शून्यांचा क्रमांक असतो, ‘स्पेसिमेन’ हा शब्द छापलेला किंवा छिद्रांनी उमटविलेला असतो आणि स्वाक्षरीच्या जागी भोके पाडून ती निरुपयोगी केलेली असते. कोरलेल्या धातुपट्टाच्या तपासणीसाठी काढलेली प्रूफ प्रत, रंगांची निवड करण्यासाठी छापलेली रंगचाचणी प्रत आणि वापराविना शिल्लक राहिलेली कोरी नोट हे प्रकार नमुना प्रतीहून भिन्न होत. तथापि संग्राहक त्यांचा संग्रह सामान्यतः एकत्रच करतात.

आयर्लंडमध्ये राजसनदेने १७८३ मध्ये बँक ऑफ आयर्लंडची स्थापना झाली. तिच्याबरोबरच अनेक खाजगी पेढ्या स्वतःच्या नोटा काढीत. नोटांच्या बदल्यात सोने देण्याचे बंधन १७९७ मध्ये स्थगित झाल्यावर कागदी चलनाचा फार प्रसार झाला. या पेढ्यांचे भांडवल तुटपुंजे असल्याने त्यांपैकी पुष्कळशा बुडाल्या. ट्यूम येथील फ्रेंच घराण्याची पेढी १८१४ मध्ये बंद पडली. १८२० च्या अरिष्टात मन्स्टर प्रांतातील अनेक पेढ्यांनी देणी थांबविली. ज्यांच्या हाती त्या वेळी नोटा होत्या, त्या शेतकऱ्यांचे व लहान व्यापाऱ्यांचे मोठे नुकसान झाले. यानंतर कायद्यात बदल होऊन भागभांडवली बँका निघाल्या. नॉर्दर्न (१८२४), प्रॉव्हिन्शियल (१८२५), बेलफास्ट बँकिंग कंपनी (१८२७), डॅन्यल ओकॉनेल याच्या पुढाकाराने निघालेली नॅशनल (१८३५) व अल्स्टर (१८३६) या त्यांतील प्रमुख बँका होत. या पाच व बँक ऑफ आयर्लंड अशा सहा बँकांनाच १८४५ च्या कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार राहिला. त्यांची एकूण मर्यादा ६३,५४,४९४ पौंड ठरविण्यात आली. त्यापुढील नोटांसाठी तितक्याच मूल्याचे सोने-चांदी बाळगणे आवश्यक झाले.

नमुना प्रतींचे ऐतिहासिक महत्त्व नोटांच्या या व्यवहारातूनच निर्माण झाले. भरभक्कम बँक परत आलेल्या नोटेचे पैसे देई आणि नोट नष्ट करी. त्यामुळे जी बँक आपले वचन पाळीत असे, तिच्या जुन्या नोटा जवळजवळ नाहीशा झाल्या. याउलट, बुडालेल्या पेढीच्या नोटा कोणीच वटवून न घेतल्याने धारकांच्या घरी पडून राहिल्या; काहींच्या पाठीवर दिवाळखोरीच्या चौकशीत दाखल झाल्याच्या खुणाही आढळतात. म्हणून आज उपलब्ध असलेल्या नोटांच्या संख्येवरून एखाद्या बँकेच्या व्यवहाराचे अनुमान काढल्यास ते विपरीत ठरण्याचा संभव असतो. भक्कम बँकांच्या कित्येक नोटांचे स्वरूप मुद्रणसंस्थांच्या दप्तरात राहिलेल्या नमुना व प्रूफ प्रतींवरूनच कळते. गिनी, पंचवीस शिलिंग किंवा तीस शिलिंग अशी पुढे लुप्त झालेली मूल्ये, नोट जेथे वटवावयाची त्या शाखेचे नाव व नक्कल रोखण्यासाठी केलेले बारीक कोरीवकाम यांची माहिती या प्रतींतून मिळते.

आयरिश स्वतंत्र राज्याने १९२७ मध्ये चलन आयोग नेमला. त्याच्या विधिग्राह्य नोटा १९२८ मध्ये निघाल्या. सर जॉन लॅव्हरी याने रंगविलेले आपल्या पत्नीचे चित्र त्यांवर होते. व्यापारी बँकांसाठी १९२९ पासून आयोगाने एकत्रित नोटा सुरू केल्या. घोडे जुंपून नांगरणाऱ्या शेतकऱ्याच्या चित्रावरून त्या ‘प्लाउमन’ नोटा म्हणून ओळखल्या जातात. बँक ऑफ आयर्लंड, हायबर्नियन, मन्स्टर अँड लेन्स्टर, नॅशनल, नॉर्दर्न, प्रॉव्हिन्शियल, रॉयल व अल्स्टर या आठ बँकांसाठी आराखडा एकच होता. केवळ बँकेचे नाव व अधिकाऱ्याची स्वाक्षरी भिन्न असे. बेलफास्ट बँकिंग कंपनीने आपल्या दक्षिणेकडील शाखा १९२३ मध्ये रॉयल बँकेस विकल्यामुळे तिचा यांत समावेश नव्हता. एक ते शंभर पौंडांपर्यंत सहा मूल्ये ठरली होती; परंतु मोठ्या मूल्यांच्या नोटा सर्वच बँकांनी काढल्या नाहीत. चलन आयोगाची जागा १९४३ मध्ये मध्यवर्ती बँकेने घेतली आणि पुढे एकत्रित नोटा मागे घेण्यात आल्या.

नमुना प्रत ही नोट चलनात आल्याचा पुरावा नव्हे. आराखडा मान्य होऊनही ती नोट प्रत्यक्षात न काढली जाणे शक्य असते. म्हणून बँकेच्या हिशेबवह्या व ठराव यांच्याशी नमुन्याची तुलना करावी लागते. कागद, जलचिन्ह, मुद्रणसंस्थेचे नाव, छिद्रांचा आकार व प्रतीची पूर्वपीठिका यांची तपासणीही आवश्यक असते, कारण शिल्लक कोऱ्या नोटेवर मागाहून अक्षरे छापून ती नमुना म्हणून विकता येते. मुद्रणसंस्थांची जुनी दप्तरे विकली जाऊन प्रती विखुरल्या, की त्यांच्या मूळ क्रमाची माहितीही नाहीशी होते. त्यामुळे प्रत कोठून आली याची नोंद ठेवणे हे संग्राहकाचे महत्त्वाचे कर्तव्य मानले जाते.

आयर्लंडच्या प्रजासत्ताकात २००२ मध्ये पौंडाच्या नोटा जाऊन यूरो आला. उत्तर आयर्लंडमध्ये मात्र व्यापारी बँकांनी स्वतःच्या नोटा काढण्याची परंपरा त्यानंतरही चालू राहिली.